पाचशे वीस पौंडांचे देणे

दिवाळीपूर्वी आठ दिवस आमच्या घरी जी मोहीम निघते तिला आमची ही साफसफाई म्हणते. मी जप्ती म्हणतो. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते, बैठकीच्या खोलीत मधोमध तिची सुनावणी होते आणि दहांतल्या नऊ खटल्यांत निकाल रद्दीवाल्याच्या बाजूने लागतो. आरोपीच्या वतीने बोलायची मला मुभा असते. पण आजवर एकही दावा मी जिंकलेला नाही.

यंदा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. झाकण गंजाने असे धरले होते, की चिरंजीवांना पेचकस घेऊन बसावे लागले. आत पत्त्यांचा एक जुडगा होता आणि त्याला कधीकाळी लावलेले रबर वितळून त्याची नुसती काळी रेघ उरली होती.

"बाबा, हा तर हल्क होगन! आणि हा अंडरटेकर!" चिरंजीव ओरडले. हे लोक त्याला मोबाइलमुळे माहीत. माझ्याकडे त्यांची चित्रे असावीत ही गोष्ट त्याला आपल्या बापाच्या आजवरच्या लौकिकाशी विसंगत वाटली असावी.

"कोण हे उघडेबंब लोक?" ही म्हणाली. "आणि हे तुम्ही लग्नानंतर इथे आणलेत?"

वाचकहो, ज्यांची शाळा १९९०च्या आगेमागे झाली त्यांना हा डबा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. १९९१ नंतर घरोघर केबल आली आणि तिच्यातून अमेरिकेतली डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. नावाची कुस्ती आली. त्या मल्लांचे पत्ते निघाले. त्यांना आम्ही ट्रम्पकार्ड म्हणत असू. वर रंगीत चित्र आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असा जमाखर्च. पत्ते निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. एकाने आपला वरचा पत्ता पाहून "वजन!" म्हणून पुकारा करायचा, समोरच्याचे वजन कमी भरले की त्याचा पत्ता आपला. यात ना ताकद लागे, ना डोके. म्हणूनच आमच्यासारख्या मुलांत तो खेळ वणव्यासारखा पसरला.

माझा संच सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर घेतलेला. संक्रांतीला मिळालेले सगळे पैसे त्यात गेले. त्या संचाचा राजा म्हणजे आंद्रे द जायंट. उंची सात फूट चार इंच, वजन पाचशे वीस पौंड. आंद्रे हाती असताना "वजन" म्हणून पुकारले की समोरचा मुलगा न बोलता पत्ता पुढे सरकवी. गंमत अशी, की १९९३च्या जानेवारीत खरा आंद्रे पॅरिसमध्ये वारला होता. आमच्या वर्गात ती बातमी पोचलीच नाही. मरून महिने लोटले तरी तो मधल्या सुट्टीत रोज जिंकत होता.

"ठेवायचे की टाकायचे?" हिने विचारले. मी वकिली सुरू करणार, तेवढ्यात जुडग्याच्या तळाचा पत्ता चिरंजीवांनी उचलला.

"हा वेगळाच आहे. आखूड. आणि याला वास कसला येतोय?"

वास तंबाखूचा होता. हातभर अंतरावरूनही मला तो ओळखता आला. पत्ता पुठ्ठ्याचा, हाताने कापलेला. वर शिसपेन्सिलीने काढलेले दोन मल्ल. एक खाली, एक त्याच्या छातीवर. मागे वळणदार अक्षरात लिहिलेले : "जत्रेतली कुस्ती. डाव – ढाक. निकाल – विजयी."

"हा माझा नव्हे," मी म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही. सुनावणी तहकूब झाली.

तो पत्ता माझ्या एका मित्राचा. सातवीत आम्ही एका बाकावर. त्यांचे घर तेलुगू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. आईला तो अम्मा म्हणे, वडिलांना नायना. आम्हीही तेच म्हणत असू. त्यांच्या खोलीच्या दारात अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली असे. भिजवलेले तेंदूचे पान घ्यायचे, पत्र्याचा छोटा फर्मा त्यावर ठेवून कात्रीने भोवती कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. दिवसाला हजार. तिचे डोळे मात्र विडीवर नसत. ती आमच्याशी बोलत असे आणि हात आपले काम करीत.

माझ्या मित्राला ट्रम्पकार्डे विकत घेणे परवडणारे नव्हते. त्याने आपली स्वतः काढली. रद्दीच्या दुकानात बसून जुन्या वर्तमानपत्रांतली आणि साप्ताहिकांतली पैलवानांची चित्रे तो शोधी. ती पुठ्ठ्यावर खळीने चिकटवी आणि अम्माच्या फर्म्याने आखून तिच्याच कात्रीने कापी. त्यामुळे त्याचे पत्ते माझ्यापेक्षा आखूड आणि तंबाखूच्या वासाचे. मागे उंची-वजन नसे, कारण ते छापून आलेलेच नसे. तिथे तो प्रसंग लिही.

आणि प्रसंग काय एकेक! १९१० साली लंडनमध्ये गामा आणि झिबिस्को. गामा वर आणि तो अवाढव्य पोलंडचा पैलवान मातीला चिकटून राहावे तसा गादीला चिकटून, अडीच तासांहून अधिक वेळ! कुस्ती सुटली बरोबरीत. पुन्हा लढायचा दिवस ठरला, त्या दिवशी झिबिस्को फिरकलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत हिशेब मिटवला. मग १९५२चे हेलसिंकी : लोकांकडून वर्गणी गोळा करून गेलेले खाशाबा जाधव आणि त्यांचे कांस्यपदक. १९५९ : श्रीपती खंचनाळे, पहिले हिंदकेसरी. १९६२चे जाकार्ता मात्र त्याने एकाच पत्त्यावर दोघांना बसवून साजरे केले होते. तिथे मारुती माने यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. गणपत आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. "दोघांनी पत्ते बदलून घेतले बघ," तो म्हणायचा.

मला हे तेव्हा फारसे भावले नव्हते, हे कबूल करतो. माझ्या पत्त्यांना गुळगुळीत लकाकी होती आणि त्याच्या पत्त्यांवर शाई पसरलेले राखाडी चेहरे. आमचा वाद ठरलेला. तो म्हणे, "तुझे सगळे नुराकुस्तीवाले. आधी ठरवून पडतात." मी म्हणे, "मग तुझ्या पैलवानांना टीव्हीवर का दाखवत नाहीत?" याला त्याच्याकडे उत्तर नसे. खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे त्या कंपनीनेच मान्य करून टाकले होते. १९८९ साली न्यू जर्सी राज्यात सरकारी देखरेखीतून सुटका व्हावी म्हणून आमचा खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, असे त्यांनी सांगितले होते. पण सातवीतल्या मुलाला न्यू जर्सीची वार्ता कुठली?

इथे जरा आडवाटेने जातो; क्षमा असावी. पैलवानांची चित्रे गोळा करण्याचा हा नाद केबलने आणला अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. तो त्याहून शंभर वर्षांनी जुना निघाला आणि त्याचा जन्म तंबाखूतच झाला. अमेरिकेत रिचमंड शहरी ॲलन अँड गिंटर नावाची सिगारेट कंपनी होती. पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक जाड कागद घालीत. तो कोरा का ठेवायचा, म्हणून त्यावर चित्र छापू लागले. १८८७ साली त्यांनी जगज्जेत्यांचा पन्नास चित्रांचा संच काढला. त्यात बेसबॉलवाले, मुष्टियोद्धे, नेमबाज आणि सात पैलवान, ज्यांत सोराकिची नावाचा एक जपानीही होता. त्या कारखान्यात सिगारेटी हातानेच वळल्या जात आणि वळणाऱ्या बहुतेक मुली होत्या. हे वाचले तेव्हा मला दारात सूप घेऊन बसलेली अम्मा आठवली. विडीच्या बंडलाला जाड कागद लागत नाही, तो तिच्या मुलाने आपल्या पदरचा घातला, एवढाच फरक.

तर झाले असे. माझ्या मित्राला आंद्रे हवा होता. नुरा म्हणून हिणवायचा, पण आंद्रेकडे बघताना त्याची नजर मवाळ होई. व्यवहार ठरला : त्याचे दहा पत्ते, माझा एक आंद्रे. दहा कुठले ते मी निवडायचे. त्याने आपले सगळे पत्ते बाकावर मांडले; त्यात तो पेन्सिलीचा पत्ता होता. ती त्याच्या नायनांची कुस्ती. तरुणपणी नायना तालमीत जात आणि अक्कलकोट रस्त्याकडच्या एका गावच्या जत्रेत लढले होते. तिथे छायाचित्र कोण काढणार? म्हणून मुलाने चित्र काढले. मी नऊ निवडले आणि दहाव्याला हात घातला तसा तो म्हणाला, "तो नको घेऊ." तोवर मला तो पत्ता नकोच होता. त्याने "नको" म्हटले म्हणून हवा झाला.

बराच वेळ गप्प राहून त्याने तो पत्ता विसार म्हणून माझ्या हातात ठेवला. बाकीचे नऊ उद्या, आंद्रेही उद्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितले, की आंद्रे हरवला.

हरवला नव्हता, दप्तरातच होता. तो म्हणाला, "मग माझा पत्ता दे." मी म्हणालो, "घरी आहे, उद्या आणतो." हे उद्या वार्षिक परीक्षेपर्यंत चालले. मे महिन्यात खोलीच्या मालकाने जागा मागितली, ते लोक शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि जूनमध्ये आमच्या बाकावर भलताच मुलगा येऊन बसला. एवढीच हकीकत. कुणाचे काही बुडाले नाही, कुणी उपाशी राहिले नाही. तरी आज तीस वर्षांहून अधिक काळानंतर तो पत्ता हिच्या हातात बघून मला घाम फुटला, एवढे खरे.

रात्री जेवताना हिने विचारले आणि मी सगळे सांगितले. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे तुम्ही चीटिंग केली." ही काही बोलली नाही, तिने तो पत्ता देवघरातल्या पंचांगात नीट ठेवून दिला. ते मला अधिक लागले.

शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर चौकशी केली तेव्हा कळले, की तो कुंभारीला राहतो. अम्माला घर मिळाले होते. अक्कलकोट रस्त्यावरचे हे गाव. २००६ साली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे इथे उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाने. पुढे याच गावात रे नगर म्हणून तीस हजार घरांची वसाहत निघाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या दिल्या गेल्या. ज्या माळावर पूर्वी आम्ही एसटीच्या खिडकीतून कुसळे पाहिली तिथे आता गल्ली संपली की गल्ली लागते. घरे एकसारखी; फरक दारावरच्या रंगाचा आणि तुळशीचा. काही उंबऱ्यांत सुपे दिसली, तेव्हा रस्ता बरोबर आहे याची खात्री पटली.

रविवारी सकाळी डबा आणि चिरंजीव दोघांना स्कूटरवर घेऊन गेलो. दार त्यानेच उघडले. केस पांढरे, गळ्यात मोजपट्टी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तो कटिंग मास्तर आहे. कात्री काही सुटली नाही.

"काय बे!" तो म्हणाला. "आत ये की. चप्पल राहू दे."

जणू मी परवाच येऊन गेलो होतो. अम्मा चार वर्षांपूर्वी गेली. भिंतीवर तिचा फोटो होता. आतल्या खाटेवर नायना. ऐंशीच्या घरात पोचलेले, पण मान अजून तालमीतली, कानाच्या पाळ्या अजून चुरगळलेल्या. वहिनींनी चहा ठेवला. मी पाठ करून आणलेले भाषण होते. ते सगळे विसरलो आणि नुसता पत्ता काढून पुढे केला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला. नाकाशी नेला. "वास आहे अजून," म्हणाला. मग उठून तो नायनांच्या हातात दिला.

नायनांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले आहे. दुसऱ्याचे व्हायचे आहे. त्यांनी पत्ता खिडकीकडे धरला आणि तेलुगूत काही विचारले. मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "वरचा कोण?"

"तुम्ही," मित्र म्हणाला.

"कुठली रे ही?"

त्याने मागचे वाचून दाखवले. ढाक. विजयी. नायनांनी पत्ता खाली ठेवला.

"ही मी हरलो होतो. त्यानं मला ढाकेवर घेतलं. चीत झालो, पाठ लागली."

मी मित्राकडे पाहिले. ज्या मुलाने वर्षभर मला नुरा-नुरा म्हणून छळले त्याच्या खऱ्या पत्त्यांत हा एक असा निघाला!

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "अम्मानं सांगितलं होतं."

"मग मला वर कशाला काढलास?"

"खाली पडलेला माणूस काढायला येत नव्हता हो नायना. चारदा खोडला. वरचा जमला होता, त्यालाच तुमचं तोंड लावलं."

नायना हसू लागले ते खोकला येईपर्यंत हसले. वहिनींनी पाणी आणून दिले. मग त्यांनी मुलाला फर्मावले, "लिही मागं. आठ मिनिटं टिकलो म्हणून लिही. तो दोन मिनिटांत पाडणार म्हणून सगळ्या गावात सांगत होता." मित्राने माझ्याकडून पेन घेतले, "विजयी" खोडले आणि आठ मिनिटे लिहिली. अक्षर तसेच वळणदार होते.

"आता माझा आंद्रे काढ," तो म्हणाला.

मी डबा उघडला. त्याने आंद्रे उचलून दिव्याखाली धरला आणि आकडे वाचले. "पाचशे वीस पौंड म्हणजे किलो किती बे?"

"दोनशे छत्तीस," चिरंजीवांनी मोबाइलवर हिशेब करून सांगितले.

"याला कुणी पाडलं का नाही?" नायनांनी विचारले.

मग मला तो प्रसंग सांगावा लागला. २९ मार्च १९८७, अमेरिकेतले पॉन्टिॲक गाव, छपराखालचे प्रचंड मैदान. कंपनीने गर्दीचा आकडा ९३,१७३ दिला होता, जो फुगवलेला होता की काय यावर अजून वाद चालतो. हल्क होगनने आंद्रेला उचलून आपटले आणि जिंकला. तो होगनही २०२५च्या जुलैत गेला. आंद्रेची पाठ तेव्हा इतकी कामातून गेली होती, की पोशाखाच्या आत पट्टा बांधून तो आखाड्यात उतरला होता. एवढे धूड त्याच्या मर्जीशिवाय कुणाला उचलणे शक्यच नव्हते. त्याने पडायला आधी होकार दिला होता.

नायना लक्ष देऊन ऐकत होते.

"आम्हाला नाही बाबा कुणी आधी विचारलं," ते म्हणाले, "पडतोस का म्हणून."

आम्ही निघायला उठलो तसा मित्र म्हणाला, "थांब." आत जाऊन त्याने अम्माची पत्र्याची पेटी ओढली. घराचे कागद, तिचे विडी कामगाराचे ओळखपत्र आणि त्याखाली कापडात गुंडाळलेले काही. ते घेऊन आला आणि एक, दोन, तीन करीत माझ्या हातावर मोजू लागला. गामा. खाशाबा. खंचनाळे. जाकार्ता.

"अरे, हे कशाला?"

"दहाला एक ठरलं होतं. नऊ माझ्याकडून यायचे होते."

मी नको-नको म्हणालो. तो ऐकेना. चिरंजीवांनी एव्हाना हात पुढे केला होता. नऊ मोजून झाल्यावर मित्राने खाटेकडे पाहिले. नायनांनी पेन्सिलीचा पत्ता छातीवर पालथा ठेवून त्यावर तळवा ठेवला होता आणि डोळे मिटले होते.

"दहावा काही ते सोडत नाहीत," तो हळूच म्हणाला. "तेवढा बाकी लिहून ठेव."